जुन्या गिऱ्हाइकाला कंपनी ओळखत नाही, तेव्हा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पन्नाशी ओलांडलेल्या या वाचकांचं कोल्हापुरात चप्पल लाईनमध्ये दुकान आहे. अठरा वर्षांपासून एकच मोबाईल नंबर, एकाच कंपनीचा, प्रीपेड. दुकानाच्या पाटीवर, पिशव्यांवर, बँकेत सगळीकडे तोच. गेल्या दिवाळीपासून दुकानात रेंज टिकत नाही, बोलता बोलता कॉल तुटतो, आणि पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं 'तुमचा फोनच लागत नाही' म्हणून दुसरीकडे ऑर्डर देतात. त्यातच न मागता कसलीशी सेवा चालू झाली आणि बॅलन्समधून पैसे कापले गेले. कस्टमर केअरकडून 'फोन बंद करून चालू करा' एवढंच ऐकायला मिळालं. तक्रार नोंदवली, तर दोन दिवसांत 'आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे' असा मेसेज आला, फरक काहीच नाही. शेवटी राजारामपुरीतल्या कंपनीच्या गॅलरीत जाऊन ते एवढे ओरडले की काउंटरवरची मुलगी रडायला लागली. घरी ऐंशीच्या आईंचा साधा, बटणांचा फोन आहे. त्यालाही इंटरनेटसकट महागडा रिचार्ज मारावा लागतो. पत्नी म्हणतात, "एवढ्या पैशासाठी डोस्कं कशाला फिरवून घेतायसा?" मुलगा म्हणतो, "पप्पा, पोर्ट मारा आणि विषय संपवा." वाचक विचारतात: "अठरा वर्षं एका कंपनीत राहिलो, त्याची किंमत शून्य? आता भांडू, सोडून जाऊ, की गप बसू? आणि थोड्या पैशांसाठी जिवाला लावून घेणारा मी खुळा आहे का?"

दादा, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुम्ही खुळे नाही. पत्रात पैशांची रक्कम तुम्ही एकदाच लिहिली आहे, पण 'निराकरण झालं आहे' हा मेसेज तीन वेळा आला आहे. तुम्हाला लागलं आहे ते तेच. तक्रार तुमची, त्रास तुमचा, आणि तो संपला असं दुसऱ्यानंच परस्पर ठरवून टाकलं. असं कुणी तोंडावर केलं असतं तर त्याला खोटं बोलणं म्हणाला असता. मेसेजमधून आलं म्हणून त्याला वेगळं नाव द्यायचं कारण नाही. वहिनींना तुमच्या तब्येतीची काळजी वाटते आणि ती रास्त आहे, पण रक्कम लहान म्हणून तक्रारही लहान, हे काही मला पटत नाही. प्रत्येकानं 'जाऊ दे' म्हणून सोडून दिलेले थोडेथोडे पैसे कुणाकडे तरी गोळा होतातच.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते, अठरा वर्षांच्या. तुमच्या दुकानात जुनं गिऱ्हाईक अंगठा तुटलेली चप्पल घेऊन आलं, तर तुम्ही बिल मागत नाही. बसवता, शिवून देता, घरच्यांची विचारपूस करता. महाद्वार रोडपासून लक्ष्मीपुरीपर्यंत आपल्याकडचा धंदा याच ओळखीवर चालत आला. त्यामुळे कंपनीनंही आपल्याला ओळखावं असं तुम्हाला वाटणं स्वाभाविक आहे. पण जरा मागे जाऊन बघा. तुम्ही नंबर घेतला तेव्हा कंपनी बदलायची तर नंबर सोडावा लागायचा. तोच नंबर घेऊन दुसरीकडे जायची सोय देशभर सुरू झाली 20 जानेवारी 2011 ला. म्हणजे पहिली काही वर्षं तुम्ही थांबलात, कारण जायला वाटच नव्हती. आणि नंतरची? पत्रात तुम्हीच लिहिलं आहे, 'नंबर गेला तर धंदा गेला, या भीतीनं हाललो नाही.' दादा, यात निष्ठा किती आणि भीती किती, हे एकदा शांतपणे स्वतःला विचारा. मी हे टोचायला म्हणत नाही. तुम्ही कंपनीला प्रेम दिलं आणि तिनं ते लाथाडलं, असं मनात धरून बसलात तर रोज जळत राहाल. तुम्ही पैसे दिले, तिनं त्या बदल्यात सेवा द्यायची होती. ती कमी पडली, आणि ती नियमानं मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. अठरा वर्षांच्या गिऱ्हाइकालाही आणि काल सिम घेतलेल्या पोरालाही तो सारखाच आहे.

त्या मुलीबद्दल बोलायलाच हवं. अशा बऱ्याच गॅलऱ्या कंपनी स्वतः चालवत नाही. एखाद्या स्थानिक व्यावसायिकाकडे त्या चालवायला दिलेल्या असतात आणि काउंटरवरची पोरं त्याच्या पगारावर असतात. सिम किती विकली, रिचार्ज किती केले, याचं टार्गेट त्यांच्या डोक्यावर. टॉवरची दुरुस्ती त्यांच्या हातात नसते, आणि कापलेले पैसे परत करायचा अधिकारही बहुतेक वेळा नसतो. तुमचा राग योग्य होता, पण तो जिथं पडला तिथं त्याचा काही उपयोग नव्हता. वरच्या कुणालाही तो ऐकू गेला नाही. एकदा त्या बाजूला गेलात की आत जा आणि तिला सरळ सांगा, "पोरी, त्या दिवशी माझा आवाज चढला, तुझी काही चूक नव्हती." कुणासमोर कमीपणा येईल असं मनात आणू नका. ज्यांच्यासमोर ओरडलात, त्यांच्यासमोरच म्हटलंत तर जास्त चांगलं.

मग राग न्यायचा कुठं? कागदावर. दूरसंचार ग्राहकांच्या तक्रारींसाठी ट्रायचे, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर नियमन ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचे, 2012 चे नियम आहेत आणि ते फार कमी लोक वापरतात. पहिली पायरी कंपनीचं तक्रार केंद्र. 198 हा त्यासाठीचा फुकट नंबर. तिथं मराठीत बोला, आणि फोन ठेवण्याआधी तक्रार क्रमांक घ्या, ज्याला ते डॉकेट नंबर म्हणतात. तो मेसेजनंही आला पाहिजे. आला नाही, तर तक्रार नोंदलीच गेली नाही असं समजा. तुम्ही आतापर्यंत केलेल्या फोनमधले किती नुसते माहितीच्या 121 वर झाले असतील आणि कुठंच नोंदले गेले नसतील, कोण जाणे.

आणि इथंच तुमच्या त्या मेसेजला उत्तर आहे. कंपनीनं 'निराकरण झालं' म्हटलं आणि तुम्हाला ते मान्य नसेल, तर प्रकरण तिथं संपत नाही. त्याच कंपनीत अपील प्राधिकरण नावाची दुसरी पायरी असते. उत्तर मिळाल्यापासून, किंवा उत्तराची मुदत उलटून गेल्यापासून, 30 दिवसांच्या आत तिथं अपील करता येतं. त्याला एक रुपयाही फी नाही. ईमेलनं करा, पोस्टानं पाठवा, चालतं. निर्णय 39 दिवसांत द्यावा लागतो, आणि अपिलावर मत देणाऱ्या सल्लागार समितीत कंपनीच्या माणसाबरोबर ग्राहक संघटनेचा एक प्रतिनिधीही असतो. पत्ता आणि ईमेल कंपनीच्या वेबसाईटवर मिळतो. तो मुलाला काढून द्यायला सांगा. मात्र गूगलवर 'कस्टमर केअर' शोधून जो पहिला नंबर दिसेल तो फिरवू नका. तिथं खोटे नंबर टाकून बसलेले लोक चिडलेल्या ग्राहकाचीच वाट बघत असतात. कुणी ओटीपी मागितला किंवा कसलं अ‍ॅप टाकायला सांगितलं, तर फोन ठेवा.

अपिलात भावना लिहू नका, तारखा लिहा. एक साधी वही करा: आज किती वाजता कॉल तुटला, कुणाचा होता, दुकानात कुठं उभे होता, बाहेर रस्त्यावर गेल्यावर लागला का. दोन आठवड्यांची अशी नोंद दहा पानी गाऱ्हाण्यापेक्षा जास्त बोलते. शेजारच्या दुकानदारांनाही विचारा. त्याच कंपनीचे आणखी चारजण तेच सांगत असतील, तर प्रत्येकानं आपापला तक्रार क्रमांक घ्यावा. एका माणसाला 'हँडसेटचा प्रॉब्लेम' म्हणून वाटेला लावता येतं, सबंध ओळीला लावता येत नाही. उलट, शेजाऱ्यांना व्यवस्थित रेंज असेल तर आपल्या इमारतीकडे बघा. जुन्या शहरातल्या जाड भिंतींच्या, अरुंद आणि खोल दुकानांत कुठलाही सिग्नल मरतो. दुकानात ब्रॉडबँड असेल आणि फोनमध्ये सोय असेल, तर वायफाय कॉलिंग चालू करून बघा. फुकट आहे आणि कदाचित अर्धं दुखणं तिथंच जाईल.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, म्हणजे कुणी चुकीची आशा लावणार नाही. कॉल तुटला की ठरावीक भरपाई आपोआप मिळते असं बरेच जण धरून चालतात. ट्रायनं 2015 मध्ये तसा नियम केला होता, तुटलेल्या कॉलमागे एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन. पण मे 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. त्यामुळे कॉलगणिक पैसे मागू नका. सेवा नीट करून द्या, किंवा ती का मिळत नाही याचं लेखी उत्तर द्या, असं मागा.

न मागता चालू झालेल्या सेवेचं प्रकरण त्यामानानं सोपं आहे. अशी कुठलीही सेवा चालू करण्याआधी ग्राहकाकडून दोनदा होकार घ्यावा लागतो, हे ट्रायनं 2013 मध्ये बंधनकारक केलं. बंद करण्यासाठी सगळ्या कंपन्यांना 155223 हा एकच फुकट नंबर आहे. पैसे कापल्याचा मेसेज आला की 24 तासांत तिथं कळवा, म्हणजे परताव्यावर वाद उरत नाही. तुमची ती मुदत गेली आहे, म्हणून तक्रारीत एकच प्रश्न विचारा: 'माझा दुसरा होकार कधी, कसा घेतला, त्याची नोंद द्या.' शिवाय प्रीपेड ग्राहकालाही आपल्या वापराचा तपशीलवार हिशेब मागता येतो, मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा, आणि त्याला 50 रुपयांपेक्षा जास्त आकारता येत नाहीत. प्रीपेडला बिल नसतं म्हणून हिशेबही नसतो, ही समजूत काढून टाका.

आता मुलाचं म्हणणं. पोर्ट करणं हा उपाय आहेच, आणि तुमची भीती त्या मानानं मोठी आहे. PORT लिहून स्पेस देऊन आपला नंबर, असा मेसेज 1900 वर पाठवायचा. आठ अक्षरा-आकड्यांचा कोड येतो, आपल्याकडे तो चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीकडे जायचं. एकाच सर्कलमध्ये, म्हणजे दूरसंचारच्या एकाच विभागात, तीन कामकाजाच्या दिवसांत बदल होतो, आणि तोवर जुनं सिम चालू राहतं. बदलाच्या वेळी काही तास फोन बंद राहतो, तेवढंच. नंबर कुठं जात नाही. जातो तो शिल्लक बॅलन्स आणि उरलेली व्हॅलिडिटी, म्हणून मोठा रिचार्ज मारल्यावर लगेच पोर्ट करू नका. सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले असावे लागतात, ती तुम्हाला अडचण नाही. सिम बदललं की यूपीआय अ‍ॅप पुन्हा नंबर तपासून घेतं, तेव्हा जोतिबाच्या यात्रेच्या किंवा नवरात्राच्या गर्दीत हे काम काढू नका. दुकानातल्या पैसे आल्याचं सांगणाऱ्या डब्याला स्वतःचं वेगळं सिम असतं, तो चालू राहील. आणि तो कोड फोनवरून कुणालाही सांगायचा नाही.

पण 'विषय संपवा' एवढं ते सोपं आहे का? एकेकाळी आपल्याकडे निवडायला दहाएक कंपन्या होत्या. आज तीन खाजगी आणि एक सरकारी. जुलै 2024 मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले, तेव्हा चिडून कितीतरी लोक बीएसएनएलकडे गेले, आणि त्यातल्या काहींना रेंजसाठी परत यावं लागलं. एका काउंटरवर झालेला अपमान दुसऱ्या काउंटरवर भरून निघेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. म्हणून रागाच्या भरात पोर्ट करू नका. तुमच्या फोनला दोन सिमची जागा असेल, तर आधी दुसऱ्या कंपनीचं एक साधं सिम घ्या आणि महिनाभर दुकानात, घरी, गांधीनगरला माल आणायला जाता तिथं वापरून बघा. ते टिकलं तर मग पाटीवरचा नंबर हलवा. तोपर्यंत अपील चालू ठेवा. तुम्ही ग्राहक असताना केलेली तक्रार तुम्ही गेलात म्हणून खोटी ठरत नाही, पण आधी निघून जाऊन मागून भांडायला माणसाला जोर राहत नाही, हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिलं आहे.

अपिलातूनही काही निघालं नाही तर? ट्राय एकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. तिथं अर्ज पाठवून वाट बघत बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915 वर मराठीत बोलता येतं, आणि पुष्कळ प्रकरणं तिथंच मिटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. मोबाईलची भांडणं तिथं चालत नाहीत असं कंपन्यांचे वकील वर्षानुवर्षं सांगत आले. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो मुद्दा निकाली काढला: दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगात करता येते. 2019 च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापुरातच, ती दाखल होते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, तुमच्याएवढ्या प्रकरणाला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. वेळ मात्र जातो. तारखा पडतात, दुकान बंद ठेवावं लागतं. कापलेल्या पैशांसाठी एकट्यानं तिथं जावं असं मी सांगणार नाही. पण वहीत नोंद असेल, तुटलेल्या ऑर्डरींचे मेसेज असतील आणि अपिलाचं पोकळ उत्तर हातात असेल, तर जरूर जा. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्याबरोबर हे शहर टोलच्या विरोधात रस्त्यावर उतरलं, तेव्हाही हिशेबावरून 'एवढ्याशा पैशांसाठी कशाला' म्हणणारे होतेच. लोक वर्षानुवर्षं मागे हटले नाहीत, आणि टोल गेला.

राहिल्या आई. पत्रात त्यांच्याबद्दल एकच ओळ आहे, पण तुमच्या घरचा सगळ्यात लवकर सुटणारा प्रश्न हाच. ज्याला इंटरनेट नको त्याला त्याचे पैसे भरायला लावू नयेत म्हणून ट्रायनं डिसेंबर 2024 मध्ये नियम बदलले. फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला पॅक प्रत्येक कंपनीला द्यावाच लागतो, आणि त्याची मुदत वर्षापर्यंत ठेवता येते. असे पॅक 2025 च्या सुरुवातीला आलेही, पण अ‍ॅपवर ते खाली कुठंतरी दडलेले असतात आणि दुकानदारही आपणहून सांगत नाही. तुम्ही नाव घेऊन मागा: 'फक्त व्हॉइस आणि एसएमएसचा पॅक दाखवा.' स्वस्त पडतो का, हे दिवसाच्या हिशेबानं भागून बघा. नाही पडला तर नका घेऊ. 28 दिवसांच्या रिचार्जनं वर्षात तेरा वेळा पैसे जातात, म्हणून 30 दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा, असे दोन्ही प्रकारचे प्लॅन प्रत्येक कंपनीनं ठेवायला हवेत, हा आदेश 2022 चा आहे. तोही विचारा.

आणि त्यांच्या खात्यात 20 रुपयांपेक्षा थोडा जास्त बॅलन्स कायम राहू द्या. फोन 90 दिवस वापरला गेला नाही, कधी आजारपणात किंवा लेकीकडे राहायला गेल्यावर तसं होतं, तर त्या 20 रुपयांतून नंबर आणखी 30 दिवस राखला जातो. म्हाताऱ्या माणसांचे नंबर असेच नकळत बंद पडतात, आणि मग बँकेपासून गॅसच्या नोंदणीपर्यंत सगळं अडकतं. आईंचा रिचार्ज या महिन्यात संपत असेल तर अपिलाची वाट न बघता हे काम आधी करून घ्या.